आजीला येते, नातवाला नाही : गोंडी जगवायची तर सुरुवात अंगणवाडीपासून का?

2025 च्या एप्रिल ते जून या तीन महिन्यांत पहिलीच्या वर्गात कोणती भाषा शिकवायची यावरून महाराष्ट्रात रान पेटलं होतं. 16 एप्रिलला पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला, 17 जूनला त्यातल्या शब्दांची फिरवाफिरव झाली आणि 29 जूनला दोन्ही निर्णय मागे घेऊन सरकारने डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नका, असं तेव्हा जो तो सांगत होता. बरोबरच होतं ते.

पण त्या गदारोळात एक साधा हिशेब राहून गेला. भामरागड, एटापल्ली, धानोरा किंवा मेळघाटातल्या कितीतरी पोरांसाठी मराठी हीच दुसरी भाषा आहे. घरात माडिया, गोंडी, कोलामी किंवा कोरकू. शाळेत मराठी, तिच्या जोडीला पहिलीपासून इंग्रजी. म्हणजे आपण जिला तिसरी म्हणून अडवली, ती या पोरांसाठी चौथी ठरली असती. मातृभाषेतून शिकण्याचा हक्क पुण्या-नागपूरच्या मुलाला असेल, तर तो त्यांनाही आहे. तो द्यायचा कसा, कोणत्या वयात द्यायचा आणि त्याने भाषा खरंच जगते का, हे या लेखात पाहू.

नागपूरकरांनी तर हा विषय अंगाला लावून घ्यायलाच हवा. हे शहर वसवलं देवगडच्या बख्त बुलंद शाह या गोंड राजाने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. महालात गोंड राजाचा किल्ला अजून उभा आहे. त्याच महालात दिवसभर फिरा, मराठी आणि हिंदी दोन्ही कानावर पडतील, गोंडी पडणार नाही. गोंड माणसं मात्र याच शहरात आहेत, हजारोंनी.

भाषा जाते म्हणजे नक्की काय होतं?

आकडे पाहिले तर गोंडी ठणठणीत वाटते. 2001 च्या जनगणनेत ती मातृभाषा सांगणारे सुमारे 27 लाख होते, 2011 मध्ये जवळपास 30 लाख झाले. मग चिंता कसली?

आता दुसरा आकडा बघा. 2011 मध्ये देशात गोंड समाजाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या वर होती. म्हणजे ढोबळ मानाने चार गोंडांपैकी तिघांनी मातृभाषा म्हणून मराठी, हिंदी, छत्तीसगढी, तेलुगू असं काहीतरी सांगितलं. भाषा बोलणारे किती, यापेक्षा भाषा बोलणाऱ्यांत सर्वांत लहान माणूस किती वर्षांचा, हा खरा प्रश्न आहे. ज्या गावात चार वर्षांचं पोर गोंडीत भांडतं, तिथे भाषा सुरक्षित. जिथे पन्नाशीच्या खालचं कोणी बोलत नाही, तिथे आज वीस हजार बोलणारे असले तरी ती चाळीसेक वर्षांची सोबतीण.

अभ्यासक याला पिढ्यांमधलं भाषेचं संक्रमण म्हणतात. घरातल्या विरजणासारखं आहे हे. कालच्या दह्यातला चमचाभर राखून ठेवला तर आजचं दूध लागतं. एखाद्या दिवशी भांडं चाटूनपुसून संपवलं की दुसऱ्या दिवशी कितीही चांगलं दूध आणा, त्याचं दही होत नाही. शेजारी वाटी घेऊन जावंच लागतं. आणि शेजाऱ्यांचंही संपलं असेल तर? गोंडीच्या बाबतीत बऱ्याच घरांत आज ही वेळ आहे. आजीकडे चमचाभर उरलंय. आईबापांच्या पिढीत भांडं धुऊन ठेवलंय. नातू आजीशी हिंदीत बोलतो.

भांडं धुतलं कोणी? बहुतेक वेळा आईबापांनीच, आणि शहाणपणाने. ते स्वतः आश्रमशाळेत शिकले, तिथे गोंडीत बोललं की पोरं हसली, मास्तर ओरडले. ‘आपलं झालं ते झालं, पोराचं नको’ असं ठरवून त्यांनी घरातली भाषा बदलली. कोणी कायद्याने बंदी घातली नव्हती.

तीन ते सहा हेच वय का?

मूल तीन वर्षांचं होईपर्यंत घरातली भाषा कानांनी पिऊन घेतं. तिसऱ्या वर्षी ते पहिल्यांदा घराबाहेरच्या संस्थेत जातं. आपल्याकडे ती संस्था म्हणजे अंगणवाडी. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिचीच ही शाखा. आपण अंगणवाडी म्हणजे खिचडी, वजनकाटा आणि लसीकरण एवढंच समजतो. पण कोणती भाषा घरची आणि कोणती ‘बाहेरची, चांगली’ याचा पहिला धडाही तिथेच मिळतो.

गडचिरोलीकडच्या एखाद्या अंगणवाडीत सकाळी जाऊन बसा. सेविका त्याच गावची. पोराचं वजन का घटलं, हे ती त्याच्या आईला गोंडीत विचारते. तापाच्या गोळ्या कशा द्यायच्या, तेही गोंडीत. आई गेली की ती पोरांकडे वळते आणि भाषा बदलते: ‘चला, सगळ्यांनी हात जोडा. प्रार्थना म्हणू या.’ भिंतीवर तक्ता, अ अननसाचा. अंगणाबाहेर मोहाची फुलं पडलेली असतात, तेंदू असतो, चारोळी असते. अननस मात्र त्या पोराने फक्त तक्त्यावर पाहिलेला असतो. आता आतापर्यंत आईच्या मागे लागून तोंडाचा पट्टा सोडणारं ते पोर एकदम गप्प होतं. मग त्याच्याबद्दल ‘लाजाळू आहे’ असा शेरा पडतो.

त्या पोराला काही कळत नाही असं नाही. उंदी, रंड, मूंद, नालुंग करत त्याला मोजता येतं. कोणत्या झाडाचं पान कशाला चालतं, हे त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक. आपल्या कुळाचे देव किती, चार की पाच, सहा की सात, हेही घरात कानावर पडलेलं असतं; गोंडांत सोयरीक जमवताना ही देवसंख्याच बघतात. हे सगळं गोंडीत साठवलेलं ज्ञान अंगणवाडीच्या उंबऱ्यावर काढून ठेवावं लागतं. तीन वर्षांनी पहिलीत ते मूल ‘कोरं’ म्हणून दाखल होतं.

याला जबाबदार सेविका नाही. तिला प्रशिक्षण मराठीतलं, पुस्तिका मराठीतली, पर्यवेक्षिका येऊन ऐकते ती मराठी गाणी.

एकाच नावाखाली दोन वेगळी कामं

‘आदिवासी भाषेतून बालशिक्षण’ असं म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवतात. माझ्या मते या विषयातला निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो.

पहिलं काम भामरागडचं. तिथे मुलाला माडिया येते, शाळेला येत नाही. सुरुवात मुलाच्या भाषेतून करायची, मराठी आधी कानाने आणि खेळाने ओळखीची करून द्यायची, मग हळूहळू वाचन-लेखनात आणायची. याला मातृभाषाधारित बहुभाषिक शिक्षण म्हणतात. यात भाषा मुलाकडे आहेच. शाळेने फक्त तिला आत येऊ द्यायचं.

दुसरं काम नागपूरचं. इथल्या गोंड वस्तीतल्या मुलाला गोंडी येतच नाही. त्याला ‘मातृभाषेतून’ शिकवा म्हणून गोंडीचं पुस्तक हातात दिलं, तर ते त्याच्यासाठी जर्मन पुस्तकाइतकंच परकं. इथे भाषा शाळेने आत घेऊन भागत नाही, कोणाकडून तरी आणावी लागते. यासाठी जगात जी पद्धत निघाली तिला भाषा-घरटं म्हणतात. लहान मुलं दिवसाचे काही तास फक्त त्या भाषेतच वावरतात आणि भोवती ती भाषा बोलणारी म्हातारी माणसं असतात. पाटी-पेन्सिल नसते. खाणं, आंघोळ, रुसवा, गोष्ट सगळं त्याच भाषेत.

दुखणी दोन आहेत आणि औषधंही दोन. दोन्हीकडे एकच पुस्तक छापून पाठवलं की कुठेच गुण येत नाही.

न्यूझीलंडच्या आज्यांनी काय केलं?

भाषा-घरट्याची कल्पना माओरी लोकांची. 1913 मध्ये त्यांच्या शाळकरी मुलांपैकी 90 टक्क्यांना माओरी बोलता येत होती. 1975 मध्ये 5 टक्क्यांनाही येत नव्हती. साठ वर्षांत एवढी घसरण. गावं सोडून लोक शहरात कामाला गेले, शाळेत इंग्रजी, घरात आईबापांनी पोरांच्या भल्यासाठी इंग्रजीच धरली. आपली कहाणी इतकी मिळतीजुळती आहे की नावं बदलली तरी चालेल.

1982 मध्ये वेलिंग्टनजवळ वैनुइओमाता इथे पहिलं ‘कोहांगा रेओ’ सुरू झालं, म्हणजे भाषेचं घरटं. नियम दोनच म्हणता येतील. आत आल्यावर फक्त माओरी. आणि कारभार कुटुंबांच्या हाती, सरकारी अधिकाऱ्याच्या नाही. आज्या-आजोबा शिकवायला नव्हे, नुसते राहायला यायचे. तीन वर्षांत अशी केंद्रं शेकड्यांनी झाली. मुलं पाच वर्षांची झाल्यावर आईबाप चक्रावले, कारण पुढची शाळा इंग्रजीच होती. मग त्यांनी माओरी माध्यमाच्या शाळा काढल्या, 1985 मध्ये. 1987 मध्ये माओरीला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो: आधी घरटं, मग शाळा, शेवटी कायदा. आपण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीपासून, म्हणजे मान्य भाषांच्या यादीपासून सुरुवात करतो आणि अंगणवाडीपर्यंत कधी पोचतच नाही.

हवाईमध्येही तेच. 1896 च्या कायद्याने शाळांतून हवाईयन हद्दपार झाली होती. 1984 मध्ये माओरींचं पाहून तिथल्या लोकांनी पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी काढली. तेव्हा तिथल्या कायद्याप्रमाणे हवाईयन माध्यमाला मुभाही नव्हती. ती अडचण 1986 मध्ये दूर झाली.

आता याची दुसरी बाजू, कारण ती कोणी सांगत नाही. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला 800 च्या आसपास घरटी आणि 14 हजारांवर मुलं असलेली ती चळवळ पुढे ओसरली. कारभार शिक्षण खात्याकडे गेला, परवाने, पात्रता, जागेची मोजमापं आली. आज्यांकडे प्रमाणपत्रं नव्हती. शिवाय आज्या वारल्या. 2012 मध्ये तिथल्या वैतांगी न्यायाधिकरणाने सरकारवरच ठपका ठेवला की या चळवळीला हवा तसा आधार दिला नाही.

फिनलंडच्या उत्तरेला इनारी सामी ही जेमतेम काहीशे माणसांची भाषा आहे. तिथे 1997 मध्ये घरटं सुरू झालं आणि मुलं बोलू लागली. पण मुलं घरी गेली की आईबापांना उत्तर देता येईना. मग 2009-10 मध्ये मोठ्या माणसांसाठी वर्षभराचा सघन अभ्यासक्रम घेतला, मधल्या पिढीला भाषा परत शिकवली, आणि त्यातलेच काही जण पुढे शिक्षक झाले. शहरात हे करायचं असेल तर माओरींपेक्षा हा धडा जास्त कामाचा.

आपल्याकडे काहीच झालं नाही का?

झालंय, पण तुकड्यातुकड्यांत. ओडिशाने 2007 मध्ये 10 आदिवासी भाषांत प्राथमिक वर्ग सुरू केले आणि पुढे भाषांची संख्या वाढवत नेली. आपल्या विदर्भात हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या शाळेत माडिया मुलांसाठी त्यांच्या भाषेतली सुरुवातीची पुस्तकं तयार झाली. नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली रिझर्व्ह बँकेतली नोकरी सांभाळून आयुष्यभर गोंडी भाषा, लिपी आणि कोया पुनेम म्हणजे गोंडांचा धर्मविचार यावर लिहीत राहिले. 2015 मध्ये ते गेले. गोंडीवर काम करणारा कोणीही आज त्यांच्या कामावरून पुढे जातो.

धानोरा तालुक्यातल्या मोहगावचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं. ग्रामसभेने ठराव करून 2019 मध्ये स्वतःची गोंडी शाळा काढली, गोटुलच्या, म्हणजे गोंड तरुणांनी एकत्र जमून शिकायच्या गावघराच्या परंपरेशी नातं सांगणारी. शिक्षण खात्याने ती विनामान्यता म्हणून नोटीस काढली आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलं. ग्रामसभेच्या बाजूने दोन भक्कम आधार आहेत. एक, राज्यघटनेचं कलम 350अ. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्याचा राज्याने प्रयत्न करावा, असं ते सांगतं. दुसरा, 1996 चा पेसा कायदा, जो अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला आपल्या परंपरा आणि ओळख जपण्याचा अधिकार देतो. इथे नागपूर जिल्ह्याची एक अडचण सांगायला हवी: हा जिल्हा अनुसूचित क्षेत्रात येत नाही. त्यामुळे रामटेक, पारशिवनी, देवलापारकडच्या गोंड गावांना पेसाचा हा हात धरता येत नाही. त्यांना कलम 350अ आणि शिक्षण धोरण यावरच भागवावं लागेल.

धोरण चांगलं आहे, कागदावर. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने किमान पाचवीपर्यंत, जमल्यास आठवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण म्हटलंय आणि तीन ते आठ वर्षं हा एक सलग पायाभूत टप्पा धरलाय. पण शिक्षणाचा कायदेशीर हक्क सुरू होतो सहाव्या वर्षी. त्याआधीची अंगणवाडी महिला व बालविकास खात्याकडे, जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण खात्याकडे, आश्रमशाळा आदिवासी विकास खात्याकडे. तीन ते सहा वर्षांच्या गोंड मुलाच्या भाषेची फाइल यातल्या कोणाच्या टेबलावर? कोणाच्याच नाही. त्यात भर म्हणजे आदिवासी विकास खातंच दरवर्षी हजारो मुलांना इंग्रजी माध्यमाच्या ‘नामांकित’ निवासी शाळांत पाठवतं. सरकारचा एक हात भाषा जपा म्हणतो, दुसरा सहाव्या वर्षी मूल घरातून उचलतो.

‘पण मग मराठी कच्ची राहील ना?’

हा आक्षेप सर्वांत जास्त येतो आणि तो रास्त आहे. पोराला पुढे मराठीत परीक्षा द्यायची, तलाठ्याकडे अर्ज करायचा, पोलिस भरतीला उतरायचं.

उलट होतं, असं अभ्यास सांगतात. मेक्सिकोच्या चियापास डोंगरी भागात 1960 च्या दशकात नॅन्सी मोडियानो या संशोधिकेने पाहिलं की, आधी स्वतःच्या आदिवासी भाषेत वाचायला शिकलेली मुलं पुढे स्पॅनिश जास्त समजून वाचत होती. थेट स्पॅनिशमधून सुरुवात केलेली मागे होती. कारण वाचणं माणूस एकदाच शिकतो. या खुणेचा हा आवाज, आणि त्या आवाजांतून काही अर्थ निघतो, हे एकदा उमगलं की दुसऱ्या भाषेत फक्त शब्द शिकायचे उरतात. पण पहिल्यांदाच परक्या भाषेत वाचायला बसवलं तर मूल अक्षरं जुळवतं आणि अर्थ सोडून देतं. पहिली-दुसरीतलं असं पोर ‘राजू बाजारात गेला’ हे वाक्य घडाघडा वाचतं, आणि ‘कोण गेलं?’ विचारलं की तुमच्या तोंडाकडे बघत राहतं.

लिंगाचंही बघा. मराठीत तो, ती, ते असे तीन भाग. गोंडीत पुरुष एकीकडे आणि बायका, जनावरं, वस्तू दुसरीकडे, असे दोनच. मग ते पोर ‘पाणी आला’ म्हणतं आणि आपण त्याला ढ ठरवतो. गोंडी जाणणारी बाई समोर असेल तर तिला चूक कुठून आली ते लगेच कळतं आणि दुरुस्त करता येते.

‘लिपी नाही, प्रमाण भाषा नाही, शिकवणार काय?’

गोंडीला लिपी आहे. एक सोडून दोन. बालाघाटच्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी 1918 मध्ये तयार केलेली मसराम लिपी, आणि आदिलाबादकडच्या गुंजाळा गावात जुन्या हस्तलिखितांत सापडलेली गुंजाळा लिपी. 2017 आणि 2018 मध्ये दोन्ही युनिकोडमध्ये आल्या, म्हणजे मोबाइलवर आणि संगणकावर त्यांचा वापर शक्य झाला. देवनागरीत आणि तेलुगू लिपीतही गोंडी लिहितात. कोणती खरी यावर समाजात वाद आहे, तो त्यांनी निवांत घालावा. तीन वर्षांच्या मुलाला लिपीशी काहीही देणंघेणं नाही.

कुठली गोंडी, हा प्रश्न अवघड आहे खरा. आदिलाबादची तेलुगूकडे झुकते, मंडल्याची हिंदीकडे, चंद्रपूरची मराठीकडे. भामरागडचा माडिया आणि मंडल्याचा गोंड एकमेकांशी बोलू लागले तर अडखळतात. पाठ्यपुस्तक मंडळाला हे डोकेदुखीचं आहे. अंगणवाडीला नाही. तिथे गावातली आजी बोलते तीच प्रमाण गोंडी. लहान वयापासून सुरुवात करण्याचा हा मोठा फायदा आहे, की प्रमाणभाषेचं भांडण मिटेपर्यंत थांबावं लागत नाही.

‘एका वर्गात चार भाषा असल्या तर?’

इथे मात्र सावध राहायला हवं. फिलिपाइन्सने बालवाडी ते तिसरीपर्यंत मातृभाषा माध्यम देशभर सक्तीचं केलं होतं. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये कायदा करून ती सक्ती काढून टाकली. आता एकच भाषा बोलणाऱ्या वर्गांत ते ऐच्छिक आहे. मिश्र भाषांचे वर्ग, अपुरी पुस्तकं, न शिकवलेले शिक्षक, सगळं आडवं आलं. कल्पना चांगली म्हणून सरसकट लादली की असं होतं.

नागपूर शहरात एका अंगणवाडीत मराठी, हिंदी, छत्तीसगढी आणि गोंड घरांतली मुलं एकत्र असतात. इथे गोंडी माध्यम वगैरे करू नये. जिथे निम्म्याहून जास्त मुलांची भाषा एक आहे, तिथे ती माध्यम करावी. बाकी ठिकाणी घरट्याचा मार्ग.

‘पालकांनाच नको असेल तर?’

मग करू नये. वाक्य टोकाचं वाटेल, पण शहरात बसून ‘तुम्ही तुमची भाषा जपा’ असा उपदेश करायचा आणि स्वतःची पोरं इंग्रजी शाळेत घालायची, हा आपला धंदा आदिवासी पालक चांगला ओळखून आहेत. तो इंग्रजी मागतो कारण इंग्रजीने नोकरी मिळते हे त्याने पाहिलंय. त्याला सांगायचं तर इतकंच सांगता येतं की पाया पोराच्या भाषेत घातला तर वरची मराठी-इंग्रजी जास्त पक्की होते, आणि हे एक वर्ष करून दाखवावं लागतं. 9 ऑगस्टला जागतिक आदिवासी दिनी मुलांना मोरपिसं लावून रेला नाचवणं म्हणजे संस्कृतिसंवर्धन, असं आपण धरून चालतो. ते पालकांनाही आवडतं, फोटोही छान येतात. भाषेच्या खात्यात त्याने काही जमा होत नाही.

नागपुरात काय करता येईल?

गावाकडचं उत्तर तुलनेने सोपं आहे. सेविका भरतीच्या नियमात तशी जागा आहेच: निम्म्याहून अधिक मुलं मराठीखेरीज दुसरी भाषा बोलत असतील तर ती भाषा येणारी बाई घ्यावी. बाई येते; पण भाषा येणं आणि ती वापरायची मुभा असणं यात फरक आहे. पर्यवेक्षिकेने येऊन ‘मराठी बडबडगीत म्हणून दाखवा’ म्हणण्याऐवजी ‘पोरांना गोष्ट सांगा, तुमच्या भाषेत’ म्हटलं, तरी वर्षभरात चित्र बदलेल. याला नवीन इमारत लागत नाही, एक परिपत्रक लागतं.

शहरात खर्च आहे, थोडा. एखाद्या समाज भवनात सकाळी तीन तास, आठ-दहा मुलं आणि गोंडी बोलणाऱ्या दोन आज्या. आज्यांना मानधन, रोखीने आणि वेळेवर. ‘समाजसेवा’ म्हणून फुकट राबवू नये. त्यांच्याकडे बारावीचं प्रमाणपत्र मागू नये. आणि फिनलंडचा धडा धरून, संध्याकाळी त्याच मुलांच्या आईबापांसाठी बोलण्याचा वर्ग. तो नसेल तर मूल घरी जाऊन एकटंच गोंडीत बोलेल आणि आठवडाभरात थांबेल. या सगळ्यांत आज्या मिळणं सर्वांत कठीण, कारण दर वर्षी त्या कमी होत आहेत. शहरात लेकाकडे राहायला आलेल्या, दिवसभर टीव्हीसमोर बसलेल्या कितीतरी आज्या आहेत ज्यांच्याशी कोणी गोंडीत बोलत नाही. त्यांना शोधणं हे पहिलं काम, पुस्तक छापणं नंतरचं.

आणि कोण, कुठे, किती बोलतं हे कळायला मोजणी हवी. पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे. मातृभाषेच्या रकान्यात प्रगणक नागपुरात सवयीने ‘मराठी’ किंवा ‘हिंदी’ लिहून मोकळा होतो. त्याला थांबवून सांगावं लागतं. जनगणनेच्या लेखी मातृभाषा म्हणजे बालपणी आई तुमच्याशी जिच्यात बोलली ती. ती गोंडी असेल तर गोंडीच लिहून घ्यावी. आई मराठीत बोलली असेल तर मराठीच सांगावी, आकडा फुगवून काही होत नाही. पण येणाऱ्या इतर भाषांचा वेगळा प्रश्न असतो, तिथे थोडीफार येत असेल तरी गोंडी नोंदवावी. आणि आजी घरात असेल, तर तिच्या वतीने उत्तर देऊन टाकू नये. प्रगणकाला तिलाच विचारू द्यावं.